हजेरीचा पट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. दहावी, मार्च 1990 ची तुकडी)



शाळेत असताना या व्यासपीठावर मी एकदाच आलो होतो, तेही गॅदरिंग संपल्यावर खुर्च्या उचलायला. त्यामुळे आज माईकसमोर उभं केल्यावर हात कुठे ठेवायचे, हेच कळत नाहीये. दुकानात बरं असतं, समोर काउंटर असतो.

संयोजकांनी मला विषय दिला, ‘कोरोनाच्या काळात आपलं वाई गाव एकमेकांशी कसं जोडलेलं राहिलं’. मलाच का, तर माझं औषधांचं दुकान. गाव बंद होतं तेव्हाही ते उघडं होतं. तुम्ही पुण्यात, मुंबईत, कुणी परदेशात आपापल्या घरात अडकला होता आणि मी रोज गणपती आळीच्या तोंडाशी शटर वर करून बसलेला होतो. जे पाहिलं ते सांगतो. त्यातला शेवटचा भाग कौतुकाचा नाही, तोही सांगतो.

22 मार्च 2020, रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, घाटावर तर शंखही वाजले. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी आणि मंगळवारी रात्रीपासून सगळा देश बंद. आपल्या गावाला रस्ता बंद होण्याची तशी सवय आहे. ‘स्वदेस’पासून ‘दबंग’पर्यंत कितीतरी पिक्चरची शूटिंगं वाईत आणि मेणवलीत झाली. तेव्हा पोलिसांनी चौकात बांबू आडवे लावल्यावर शेजारच्या आजींनी मला विचारलं, “आता कुठला पिक्चर रे? हिरो कोण आहे?” मी म्हटलं, “आजी, या पिक्चरमध्ये कुणी बाहेर पडायचं नाही.” त्या म्हणाल्या, “मग बघायचा कुणी?” पहिले चार दिवस आम्ही असे हसण्यात काढले.

नंतर हसणं कमी झालं. ढोल्या गणपतीला कुलूप लागलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी ते दार असं सलग बंद पाहिलं नव्हतं. ते उघडलं थेट दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. तिच्या गोष्टीत भीती असायची, पण सगळी आळी एकत्र रानात असायची. आपल्या वेळचा रोग उलटा. प्रत्येकाने आपल्या घरात आणि दार लावून.

दुकानासमोर मी खडूने गोल काढले होते. गिऱ्हाईक एका गोलातून दुसऱ्या गोलात सरकत यायचं. त्या रांगेत आपल्या मराठीच्या बाई रोज दिसायला लागल्या. बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतोय. रोज सकाळी यायच्या आणि खोकल्याच्या दोन गोळ्या घ्यायच्या. दोन रुपयांच्या. पाचव्या दिवशी मी चिडलो. म्हटलं, “बाई, तुमचं वय बघा, कशाला येता? पाकीटच देतो एक, महिनाभर पुरेल.” बाई गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “गोळ्या घरी पडून आहेत रे. खोकला नाहीये मला.” आणि निघून गेल्या.

मुलगा पुण्यात, नव्वद किलोमीटरवर, पण पासशिवाय त्याला येता येईना. भांडी घासायला येणारी बाई बंद झालेली. दोन गोळ्यांच्या निमित्ताने त्यांना रोज एक माणूस बघायला मिळत होता आणि मी त्यांना पाकीट देत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्यांच्या घरच्या फोनवर फोन केला आणि म्हटलं, “बाई, रोज सकाळी आठ वाजता मला एक मिस कॉल द्यायचा. दोन रिंग वाजल्या की ठेवून द्यायचा. मी हजेरी लावीन.” बाई म्हणाल्या, “आयुष्यभर तुमच्या हजेऱ्या घेतल्या, आता तू माझी घेणार?” पण दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला.

इथून ते सुरू झालं. बाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने बहिणीला. दुकानात एक जुना साधा फोन पडून होता, तो याच कामाला लावला. शंभर पानी वही घेतली, वर तारखा आणि डावीकडे नावं. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी. गावच्या सात आळ्या, प्रत्येकीचा आपला घाट आणि आपली कृष्णाबाई, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही त्या आळ्यांच्याच तुकड्या केल्या. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. प्रत्येक तुकडीला एक मॉनिटर, म्हणजे गावात राहिलेला आपलाच कुणीतरी. साडेआठपर्यंत ज्याचा मिस कॉल आला नाही, त्याला मी फोन करायचा. उचलला नाही, तर त्या आळीच्या मॉनिटरने जाऊन दार वाजवायचं. व्यवस्था एवढीच. एप्रिलमध्ये सहा नावं होती, जून संपताना एकेचाळीस झाली.

तुम्ही बाहेरगावी असणारे आपल्या ग्रुपवर त्याच सुमारास जागे झालात. “अरे, आईला बघून ये ना,” “बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात,” असे मेसेज रात्री दोनला यायचे, कारण तुमच्याकडे तेव्हा दुपार असायची. त्या आईवडिलांची नावंही वहीत चढली. तुम्ही पैसे पाठवलेत, त्यातून पुढे ऑक्सिमीटर घेतले. सप्टेंबरात गाव आजारी पडलं, तेव्हा ते घरोघर फिरत होते. कुठला ऑक्सिमीटर कुणाकडे आहे, तेही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे.

गणिताच्या सरांची आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सरांचा मिस कॉल बरोबर आठच्या ठोक्याला यायचा. एका दिवशी आठ वाजून सात मिनिटांनी आला आणि सरांनी फोन ठेवलाच नाही. मी उचलला. सर म्हणाले, “उशीर झाला. वर्गात येऊ, की बाहेर उभा राहू?” ज्या सरांनी मला अख्खं सातवीचं वर्ष बाहेर उभं केलं, ते विचारत होते. मी म्हटलं, “सर, या, पण उद्या पालकांना घेऊन या.” सर हसले, मग खोकला येईपर्यंत हसले. आज सर नाहीत. पण तो दिवस माझा.

आणि ऑगस्टमधला तो सोमवार. साडेआठ झाले, मराठीच्या बाईंची हजेरी नाही. फोन केला, नुसता वाजत राहिला. मॉनिटर धावत गेली. दार आतून बंद. शेजारच्यांनी मागच्या भिंतीवरून आत उडी टाकली. बाई मोरीत घसरून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं आणि उठता येत नव्हतं. पहाटे साडेपाचपासून तशाच. नंतर त्या म्हणाल्या, “मी घाबरले नाही. मला माहीत होतं, साडेआठला कुणीतरी येणार.”

इथे टाळ्या वाजवू नका. पुढचं ऐका.

आपल्या वर्गात पाचवीपासून एक मुलगा होता. त्याचं नाव मी घेणार नाही, का ते शेवटी सांगतो. आठवीत त्याचे वडील गेले आणि त्याने शाळा सोडली. आधी वखारीत लाकडं उचलली, मग क्लीनर झाला, मग कर्ज काढून छोटा हत्ती घेतला. पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना भाजी पोचवायचा. हॉटेलं बंद झाली आणि त्याचा धंदा एका दिवसात बसला. पण भाजीच्या गाडीचा पास त्याच्याकडे होता. एप्रिलमध्ये तो दुकानात आला, आईच्या साखरेच्या गोळ्या न्यायला. दर महिन्याच्या पाच तारखेला यायचा, त्याचं उधारीच्या वहीत पान होतं. मला म्हणाला, “वरच्या गावांची औषधं अडकलीत ना तुझी? दे टाकून. मी असाही रिकामा हिंडतोय.”

2020 चं ते अख्खं वर्ष वरच्या गावांची औषधं त्याच्या गाडीतून गेली. डिझेलचे घ्यायचा, भाड्याचे घेत नव्हता. मे महिन्यात मुंबईची माणसं गावाकडे यायला लागली, तेव्हाची गोष्ट. आपला वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारा मित्र बायकामुलांना घेऊन धोमच्या वरच्या अंगाला आपल्या गावी आला. गावाने त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. वेशीवर काटे लावले होते. ज्या पोराच्या पैशांवर गावच्या देवळाला रंग लागला, त्याला पाणी द्यायला कुणी जाईना. मी गावाला नावं ठेवत नाही. माझ्याही आळीत पुण्याहून आलेल्या घरापुढे बांबू बांधले होते आणि ते बांधताना एक टोक मी धरलं होतं. तर त्या शाळेच्या फाटकाशी रोज भाकरी आणि औषधं ठेवून यायचा तो हा छोटा हत्तीवाला. माथाडी मित्र समोर बसलाय, विचारा त्याला. खिडकीतून त्याने ओरडून विचारलं होतं, “मला ओळखलंस का?” आणि हा म्हणाला होता, “पाचवी ब, माझ्या मागचा बाक. अजून मागेच बसलायस की!”

मी तेव्हा गाडीत खोकी भरतानाचा एक फोटो ग्रुपवर टाकला होता. पुष्कळ अंगठे आले. एकाने विचारलं, “ड्रायव्हर कोण आहे?” मी लिहिलं, “आपल्यातलाच एक.” पुढे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ग्रुपचं नाव ‘दहावी 1990’. एकदा मी त्याला म्हटलंही, “तुला ग्रुपवर घेतो.” तो म्हणाला, “मी कुठं दहावी झालो?” मला वाटलं, त्याला नको असेल. खरं म्हणजे मी एकदाच विचारलं आणि सोडून दिलं.

2021 चा एप्रिल तुम्हा सगळ्यांना आठवतो. दुकानाबाहेर रेमडेसिविरची चिठ्ठी घेतलेली माणसं उभी असायची. ते इंजेक्शन माझ्याकडे येतच नव्हतं आणि नाही म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. त्यातच मी आजारी पडलो. पंधरा दिवस हजेरी पुण्याहून आपल्या एका मैत्रिणीने फोनवर चालवली. एक दिवसही चुकवली नाही. एकेचाळिसाची वही तोवर त्रेपन्नांची झाली होती. त्या महिन्यात त्यातली चार नावं कमी झाली, पण त्या चौघांच्याही घरी आपलं कुणीतरी पहिल्या दिवसापासून होतं.

मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा दुकानात बसायला लागलो. एका दुपारी शाळेतली मुलगी आली. दहावीची. त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली होती. तिने बाबांचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “उधारी किती आहे?” मी वही काढली. सहाशे चाळीस रुपये. शेवटची नोंद पाच मार्चची. पाच एप्रिलला तो आला नव्हता, पाच मेलाही नाही. पान माझ्याच वहीत होतं आणि मी उलटून बघितलं नव्हतं.

तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजारी पडला. चार दिवस घरीच होता. ऑक्सिमीटर नव्हता. ज्याच्या गाडीतून आपले ऑक्सिमीटर गावोगाव गेले, त्याच्या घरी ऑक्सिमीटर नव्हता. साताऱ्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्या दुकानापासून त्याचं घर चालत दहा मिनिटांवर. मला कळलं पाच आठवड्यांनी, तेही त्याच्या मुलीने उधारी फेडायला आल्यावर.

मी म्हटलं, “बाळा, राहू दे.” ती म्हणाली, “नको काका. बाबांनी सांगून ठेवलं होतं. पानावर रेघ मारून द्या.” तिने पैसे मोजून काउंटरवर ठेवले. मी रेघ मारली. जाताना तिने विचारलं, “बाबा तुमच्या वर्गात होते ना?”

मित्रहो, मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. त्याला वाचवता आलं असतं, असं मी म्हणत नाही. त्या महिन्यात कोण वाचला आणि कोण नाही, याचा हिशेब मला तरी लागत नाही. पण चौथ्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी दार वाजवलं असतं, एवढं नक्की. आमची हजेरी सात आळ्यांची होती. तो राहायचा नाक्यापलीकडच्या वस्तीत, ती कुठल्याच आळीत येत नाही. आमचा ग्रुप दहावीचा होता आणि तो आठवीत गेला होता. वहीत म्हातारे होते आणि तुमचे आईवडील होते. तो सेहेचाळिशीचा, धडधाकट, उलट इतरांना पोचवणारा. कुठल्याच रकान्यात तो बसला नाही. आम्ही रोज सकाळी नेमाने हजेरी घेत होतो आणि पट अर्धाच होता.

शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा मी इथे कार्यालयात आलो आणि जून 1984 चं, आपल्या पाचवीचं रजिस्टर मागितलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि शिपाईमामांनी माळ्यावरून काढून दिलं. एक बाजू वाळवीने खाल्लेली, पण नावं शाबूत. तिन्ही तुकड्या मिळून आपण 158 होतो. दहावीच्या पटावर 103. मधले पंचावन्न कुठे गेले, हे आपण कधी एकमेकांना विचारलंही नव्हतं. काहींच्या वडिलांच्या बदल्या झाल्या, काही नापास होऊन मागे राहिले, काही कामाला लागले. मुली सगळ्यात जास्त. सातवी झाली, लग्न झालं, नाव बदललं. त्यांना शोधायला फोनचा उपयोग नव्हता. आळीत जायचं, म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, “ही कुठे दिली?” मराठीच्या बाईंना यातल्या निम्म्या मुली चेहऱ्यानिशी आठवत होत्या. कुणाचं अक्षर चांगलं होतं, हेसुद्धा.

आम्हाला आतापर्यंत अडतीस सापडले. त्यातले सात आता नाहीत. एकोणीस जण आज इथे आले आहेत. मागच्या रांगांत बसलेत, पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही. जेवणाच्या पंगतीत कृपा करून त्यांच्याबरोबर बसा. “तू कुठल्या बॅचचा?” असं विचारू नका. “तू पाचवीत कुठे बसायचास?” असं विचारा.

या स्मरणिकेच्या शेवटी जी यादी छापली आहे, ती म्हणूनच दहावीची नाही. ती पाचवीच्या रजिस्टरवरून घेतली आहे, हजेरी क्रमांकासकट. गुण, टक्के, हुद्दे काही लिहिलेले नाहीत. सापडले नाहीत त्यांच्यापुढे जागा मोकळी ठेवली आहे. सतरा जागा आहेत. तुमच्यातल्या कुणाला एकाचा जरी पत्ता माहीत असेल, तर आज जाण्याआधी त्या जागेत पेन्सिलीने लिहा आणि दुकानात आणून द्या.

त्याचं नाव मी इथे घेतलं नाही, कारण मी घेतलं असतं तर तुम्ही ऐकून हळहळला असता आणि जेवायला गेला असता. पाचवी ब, हजेरी क्रमांक 31. यादी उघडा आणि स्वतः वाचा.

वही अजून चालू आहे. आता चौदा जण रोज सकाळी मिस कॉल देतात. नाक्यापलीकडच्या वस्तीचाही आता एक मॉनिटर आहे. बाईंचा मनगटाचा हात थंडीत दुखतो, पण आठचा ठोका त्या चुकवत नाहीत. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला दुकान बंद करण्याआधी मी उधारीची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून बघतो. कोण आलं नाही, ते शोधतो. सापडलं की फोन करतो. उधारी मागायला फोन आलाय, असं वाटून काही जण उचलत नाहीत. मग मी सायकल काढतो.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सर, बाई, सांभाळून घ्या. बाहेर उभं राहायची माझी तयारी आहे.